पानावरून उठवलेला पाहुणा

आपल्याकडे आमंत्रण न देणे ही एक गोष्ट मानतात आणि आमंत्रण देऊन, पाट-रांगोळी मांडून, पाहुणा जेवायला बसल्यावर त्याला पानावरून उठवणे ही अगदी वेगळी. पहिलीला फार तर तुटकपणा म्हणतील. दुसरीला अपमान म्हणतात, आणि अशा अपमानापायी घराघरांतले येणेजाणे पिढ्यान्‌पिढ्या बंद पडलेले आपण ऐकलेले असते. राष्ट्रांच्या व्यवहारात मात्र हा भेद कोणी मानताना दिसत नाही. व्हिसा नाकारणे, आणि व्हिसा देऊन माणूस दारात उतरल्यावर त्याला आल्या पावली परत पाठवणे, ही दोन्ही कृत्ये जवळपास एकाच खात्यात मांडली जातात. त्या खात्याचे नाव सार्वभौम राज्याचा अधिकार. हा हिशेब चुकीचा आहे असे आम्हांला वाटते. वैध व्हिसा असताना ज्याला कारण न देता परत पाठवले जाते, त्याला नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि त्या भरपाईतली पहिली बाब लेखी कारण ही असली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे आज लिहिण्याला निमित्त आहे. फ्रांचेस्का ओर्सिनी हे नाव हिंदी साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९२० ते १९४० या काळात हिंदीचा सार्वजनिक अवकाश कसा घडला, याविषयीचा त्यांचा ग्रंथ २००२ साली आला; मराठी नियतकालिकांचा अभ्यास करणाऱ्यालाही तो टाळून पुढे जाता येत नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी त्या हाँगकाँगहून दिल्लीच्या विमानतळावर उतरल्या. त्यांच्यापाशी पाच वर्षांचा ई-व्हिसा होता. त्यांना आत घेतले गेले नाही. आपणांस कारण सांगण्यात आले नाही, असे त्यांनी वृत्तपत्रांना सांगितले. दुसऱ्या दिवशी सरकारी सूत्रांच्या हवाल्याने बातमी आली, की पूर्वीच्या भेटीत व्हिसाच्या अटींचा भंग झाला होता आणि मार्च २०२५ पासूनच त्यांचे नाव काळ्या यादीत होते.

सूत्रांचे हे म्हणणे घटकाभर पूर्णपणे खरे मानू. मग प्रश्न असा उरतो, की नाव मार्चमध्ये यादीत गेले असेल तर ऑक्टोबरपर्यंतच्या सात महिन्यांत एक ओळीचे पत्र का गेले नाही? व्हिसा रद्द केल्याचे घरी कळवले असते, तर ती गोष्ट आमंत्रण मागे घेण्यासारखी झाली असती. रुचली नसती, पण समजली असती. तसे न करता माणसाला अर्धी पृथ्वी ओलांडू द्यायची आणि काचेच्या खिडकीपाशी थांबवायचे, यालाच आम्ही पानावरून उठवणे म्हणतो.

आता एक जुनी हकीकत सांगतो. परदेशी लेखकाला वैध व्हिसा असताना दारातून परत पाठवण्याचा प्रयत्न, त्यावर त्याने मागितलेली दाद आणि सरतेशेवटी सरकारच्या तिजोरीतून निघालेले पैसे, हे सारे एकाच प्रकरणात पाहायचे असेल तर १९३४ च्या ऑस्ट्रेलियाकडे जावे लागते. शिवाय त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी एक भाषिक प्रश्न आहे, तेव्हा भाषा-साहित्याच्या माणसांनी तरी ते विसरू नये.

एगॉन एर्विन किश हा प्रागचा, जर्मन भाषेत लिहिणारा ज्यू लेखक. वार्तांकनाला वाङ्मयाच्या पंक्तीत नेऊन बसवणाऱ्यांमध्ये त्याचे नाव घेतात. १९३३ च्या फेब्रुवारीत राइशस्टागला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी बर्लिनमध्ये झालेल्या धरपकडीत तो सापडला. चेकोस्लोव्हाकियाचा नागरिक असल्यामुळे तो तुरुंगातून सुटून हद्दपार झाला. पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये युद्धविरोधी आणि फॅसिझमविरोधी परिषद भरायची होती. तिचे निमंत्रण त्याला आले. त्याच्या पासपोर्टावर ब्रिटिश वकिलातीने दिलेला व्हिसा होता. ६ नोव्हेंबर १९३४ रोजी ‘स्ट्रॅथेअर्ड’ ही बोट फ्रीमँटल बंदरास लागली आणि तेथेच त्याला सांगण्यात आले, की तुम्हांला या देशात उतरता येणार नाही. दुसऱ्या एका सरकारकडून आलेल्या माहितीवरून आपण ‘अनिष्ट’ ठरला आहात, एवढेच काय ते कारण. कोणते सरकार, कोणती माहिती, हे अध्याहृत.

बोट पुढे निघाली. १३ नोव्हेंबरला मेलबर्नच्या धक्क्यावर किशसाठी माणसे जमली होती. बोट सुटण्याच्या बेतात असताना कठड्यावरून अठरा-वीस फूट खाली त्याने धक्क्यावर उडी टाकली. पाय मोडला. पोलिसांनी त्याला उचलून पुन्हा बोटीवर नेऊन ठेवले. या उडीची पुढे दंतकथा झाली; परंतु आम्हांला तिच्यापेक्षा नंतरचे तीन दिवस महत्त्वाचे वाटतात. त्या तीन दिवसांत वकिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि १६ नोव्हेंबरला न्यायमूर्ती इव्हट यांनी किशच्या सुटकेचा आदेश दिला. आदेशाचा आधार साधा होता. ज्या माहितीवरून माणसाला अडवले ती कोणाकडून आली, हे कायद्याला हवे त्या रीतीने सरकारने सांगितलेच नव्हते. म्हणजे सरकार हरले ते कारण अपुरे लिहिल्यामुळे. हेच इव्हट पुढे राजकारणात गेले, आणि डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी होते.

किश सिडनीला उतरला आणि उतरताक्षणी दुसरा फास पडला. ऑस्ट्रेलियात १९०१ पासून एक कायदा होता. त्यानुसार बाहेरून येणाऱ्या कोणालाही अधिकारी एखाद्या युरोपीय भाषेतले पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालू शकत असे. भाषा निवडायची ती अधिकाऱ्याने. चाचणीचा हेतू भाषा तपासण्याचा कधीच नव्हता. जो नको असेल त्याला जी भाषा येत नाही तीच नेमकी काढायची, अशी ती सोय होती. किशबरोबर त्याच परिषदेसाठी न्यूझीलंडहून आलेल्या पाहुण्याला डच भाषेत श्रुतलेखन घातले होते आणि तो अर्थातच नापास झाला होता. किशच्या बाबतीत पंचाईत अशी, की त्याला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत. म्हणून शोधून शोधून स्कॉटिश गेलिक काढण्यात आली. एका स्कॉटिश वंशाच्या पोलिसाने मजकूर वाचला, किशने लिहिण्यास नकार दिला, आणि निषिद्ध परदेशी म्हणून त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली.

प्रकरण पुन्हा वर गेले. स्कॉटिश गेलिक ही कायद्याला अभिप्रेत असलेली ‘युरोपीय भाषा’ आहे काय, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च पीठापुढे आला. सुनावणीच्या दरम्यान ज्याने ही चाचणी घेतली त्या पोलिसाच्या गेलिकचीच परीक्षा झाली. प्रभूच्या प्रार्थनेतल्या वाक्याचा अर्थ त्याला धड लावता येईना. परीक्षकच नापास, असा तो प्रसंग. १९ डिसेंबर १९३४ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने निकाल दिला, की ही भाषा त्या कायद्याच्या अर्थी युरोपीय भाषा नव्हे. किश सुटला.

या निकालात आम्हांला आनंद मानता येत नाही, हे येथेच सांगून टाकावे. एका माणसावरचा अन्याय दूर करण्यासाठी एका जिवंत भाषेला कमी लेखावे लागले. ऑस्ट्रेलियातली स्कॉटिश मंडळी तेव्हा संतापली आणि वृत्तपत्रांतून त्यांनी न्यायमूर्तींवर टीका केली, त्यात नवल नाही. बोलणाऱ्यांची संख्या आणि सरकारदरबारची वापरणूक यांवरून भाषेचा दर्जा ठरवण्याच्या तर्काने कोंकणीच्या, अहिराणीच्या, गोंडीच्या माणसांचे काय केले आहे, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पण मूळ दोष न्यायालयाचा नव्हता. ज्या सरकारने भाषेचे कुंपण केले, त्याने न्यायालयाला त्या कुंपणाच्या खुंट्या मोजायला लावले.

या कुंपणाचा इतिहास आपल्याशी थेट जोडलेला आहे. १८९६ च्या डिसेंबरात ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ या दोन बोटी मुंबईहून दरबानला पोहोचल्या. ‘कुरलँड’वर गांधी होते. मुंबईत प्लेग आहे या सबबीवर प्रवाशांना तीन आठवड्यांहून अधिक काळ समुद्रातच अडकवून ठेवले गेले. किनाऱ्यावर गोऱ्या जमावाच्या सभा चालू होत्या. १३ जानेवारी १८९७ ला ते उतरू शकले. कायद्याने ते सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, त्यांना अडवण्याचा अधिकार नाताळ वसाहतीला नव्हता. तो अधिकार निर्माण करण्यासाठी त्याच वर्षी नाताळने नवा कायदा केला. त्यात ‘हिंदी माणूस’ हा शब्द कोठेही नव्हता. युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढीच अट होती. लंडनच्या वसाहत खात्याला ही युक्ती पसंत पडली आणि ती इतर वसाहतींपुढे नमुना म्हणून ठेवली गेली. ऑस्ट्रेलियाचा १९०१ चा कायदा त्याच नमुन्यावर उभा राहिला आणि ती चाचणी १९५८ सालीच रद्द झाली. दरबानच्या बंदरात मुंबईच्या उतारूंसाठी विणलेल्या जाळ्यात सदतीस वर्षांनी प्रागचा लेखक सापडला, असा हा वारसा आहे.

आता भरपाईकडे येऊ. सरकारने किशवर नवा आदेश काढून पुन्हा खटला भरला होता. अखेर १९३५ च्या आरंभी तडजोड झाली. उरलेली शिक्षा माफ, पासपोर्ट परत, आणि त्याच्या दाव्याच्या खर्चापोटी ४५० पौंड. बदल्यात त्याने देश सोडून जायचे. मार्चमध्ये तो गेला. जाण्यापूर्वीच्या चार महिन्यांत त्याने मोठमोठ्या सभा गाजवल्या होत्या. ज्या परिषदेतले एक भाषण टाळण्यासाठी हा खटाटोप झाला, त्या एका भाषणाची अनेक भाषणे झाली. पुढे त्याने या प्रवासावर पुस्तकही लिहिले.

हे ४५० पौंड म्हणजे नुकसानभरपाई होती काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तो वकिलांचा खर्च होता. मोडलेल्या पायाचा त्यात हिशेब नव्हता, बोटीवर कैदेत गेलेल्या दिवसांचा नव्हता, हुकलेल्या परिषदेचा नव्हता. शिवाय ते पैसे जाण्याच्या अटीवर दिलेले होते, म्हणजे चूक झाल्याची कबुली त्यांत नव्हती. तरीही ते निरर्थक होते असे आम्ही म्हणणार नाही. परदेशी माणसाला दारात अडवण्याचा खर्च येऊ शकतो, हे त्या रकमेने एकदा तरी सरकारी हिशेबाच्या वहीत लिहिले गेले.

असे क्वचितच घडते. नेहमीचा मार्ग कोणता, ते पाहायचे तर आणखी मागे, १८८८ च्या सॅन फ्रान्सिस्कोकडे जावे. चे चान पिंग हा चिनी मजूर तेथे बारा वर्षे राहिला होता. १८८७ मध्ये तो मायदेशी भेटीला गेला तो परत येण्याचा सरकारी दाखला घेऊनच गेला. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्याची बोट बंदरास लागण्यापूर्वी अवघा एक आठवडा अमेरिकेने कायदा करून असे सगळे दाखले रद्द केले होते. तो समुद्रात असतानाच त्याच्या खिशातल्या कागदाचा अर्थ बदलला. १८८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की परदेशी माणसाला बाहेर ठेवण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचाच भाग आहे आणि दिलेला दाखला सरकार केव्हाही मागे घेऊ शकते. आज अनेक देशांच्या वकिलाती व्हिसाबरोबर जी सूचना देतात, की व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, तिच्यामागे याच जातीचा विचार आहे.

व्हिसा या शब्दाचे मूळही येथे आठवते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘पाहिलेला’ एवढाच, पाहिलेला कागद. राज्य म्हणते, आम्ही तुमचे कागद पाहिले, ‘या’ असे कोठे म्हणालो? आम्ही साहित्याचे विद्यार्थी आहोत, त्यामुळे या युक्तिवादाची गंमत आम्हांला कळते. कर्ता आपल्या संहितेच्या तळटीपेत लिहितो, की या संहितेला काही अर्थ नाही, आणि वाचकाने ते मान्य करावे अशी अपेक्षा धरतो. पण संहितेचा अर्थ तिच्या भोवतीच्या व्यवहारातूनही ठरतो. राज्य शुल्क घेते, बँकेचे उतारे पाहते, बोटांचे ठसे घेते, निमंत्रणपत्र मागते, आठवडे लावते आणि मग शिक्का देते. त्या शिक्क्यावर विसंबून माणूस रजा काढतो, तिकीट घेतो, घर भाड्याने ठरवतो. एवढ्या व्यवहारानंतर ‘आम्ही फक्त पाहिले’ हे म्हणणे शब्दशः खरे असेल, प्रामाणिक मात्र नाही. ‘वाजवी अपेक्षा’ हे तत्त्व भारतीय न्यायालयांनीही प्रशासनाच्या बाबतीत मानलेले आहे.

नुकसान कोणाचे होते, याचाही नीट विचार झालेला नाही. परत पाठवलेल्या माणसाचे तिकीट बुडते, हे दिसणारे. न दिसणारे असे, की यापुढे आयुष्यभर कोणत्याही देशाच्या व्हिसाच्या अर्जात ‘तुम्हांला कधी प्रवेश नाकारला गेला आहे काय’ या रकान्यापुढे त्याला ‘होय’ लिहावे लागते, आणि ‘का’ या पुढच्या रकान्यात लिहायला त्याच्यापाशी काही नसते. तिसरे नुकसान यजमानाचे. सभागृह घेतलेले असते, विद्यार्थी जमलेले असतात.

हे तिसरे नुकसान न्यायालयापुढे नेता येते, हे अ‍ॅडम हबीब यांच्या प्रकरणात दिसले. दक्षिण आफ्रिकेचे हे राज्यशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्येच डॉक्टरेट झालेले. ऑक्टोबर २००६ मध्ये वैध व्हिसा असताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांना कित्येक तास प्रश्न विचारून परत पाठवले गेले आणि नंतर व्हिसाही रद्द झाला. दावा कोणी लावला? ज्या अमेरिकी संस्थांनी त्यांना बोलावले होते त्यांनी. परदेशी माणसाला आत येण्याचा हक्क नसेल, पण आमच्या नागरिकांना त्याचे ऐकण्याचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे मिळाले नाहीत. परंतु सरकारला कारण पुढे करणे भाग पडले आणि जानेवारी २०१० मध्ये परराष्ट्रमंत्र्यांच्या सहीने ती बंदी उठली. हेच हबीब २०२१ साली लंडनच्या ‘सोआस’चे प्रमुख झाले. ओर्सिनी ज्या संस्थेच्या, तीच ही संस्था. योगायोगच, पण विसरू नये असा.

आपल्या देशात काय करता येईल? स्थिती अनुकूल नाही, हे आधी मान्य करू. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर खटल्यात म्हटले. १९३७ पासून भारतात राहिलेल्या लुई द रेड्ट या बेल्जियन धर्मोपदेशकाच्या खटल्यात, १९९१ साली, परकीयाला येथे वास्तव्य करण्याचा हक्क नाही, असे पुन्हा सांगितले. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने तर प्रवेशाबाबत इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक केला आहे. मार्च २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमहून परत पाठवले गेलेले, केरळवर तीस वर्षे काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ फिलिप्पो ओसेला यांनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात धाव घेतली ती याच प्रतिकूल वाटेने.

तरीही पायवाट आहे. द रेड्ट खटल्यानेच हेही सांगितले, की जीवित आणि स्वातंत्र्य यांच्या रक्षणाचे एकविसावे कलम परकीयालाही लागू आहे. त्या कलमाच्या भंगाबद्दल सरकारने रोख भरपाई द्यावी, हा पायंडा १९८३ मध्ये रुदुल साह खटल्यात पडला. निर्दोष ठरूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने ती देवविली. २००० साली चंद्रिमा दास यांनी दाखल केलेल्या प्रकरणात, हावडा येथे रेल्वेच्या कर्मचाऱ्यांकडून अत्याचार झालेल्या बांगलादेशी स्त्रीला दहा लाख रुपये द्यावेत, ती परकीय आहे ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या घोर प्रसंगांशी विमानतळावरच्या प्रसंगाची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. सांगायचे ते इतकेच, की परकीयालाही भरपाई मिळू शकते, हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे. आणि कारणाविषयी म्हणाल तर मनेका गांधी यांचा पासपोर्ट १९७७ मध्ये ‘सार्वजनिक हिता’च्या नावाखाली जप्त करून कारण देण्यास सरकारने नकार दिला, त्यावरचा १९७८ चा निकाल आपल्या घटनात्मक विचाराचा पाया ठरला. तो निकाल नागरिकाच्या बाजूने होता. परंतु बाजू ऐकून न घेता माणसाचा रस्ता अडवू नये, हे त्यातले सूत्र नागरिकत्वावर अवलंबून राहू नये.

गंमत अशी, की हीच चूक विमानकंपनीने केली तर भरपाई मिळते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांनुसार प्रवाशाची कागदपत्रे अपुरी असतील तर कंपनी त्याला विमानात घेण्यास नकार देऊ शकते. लार्नाकाहून बुखारेस्टला निघालेल्या कझाकस्तानच्या एका प्रवाशाला याच सबबीवर अडवले गेले. तेव्हा युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये सांगितले, की कागद अपुरे आहेत हे कंपनीने म्हटल्याने सिद्ध होत नाही. ते न्यायालय तपासील, आणि ते पुरेसे निघाल्यास भरपाई द्यावी लागेल. फाटकावरच्या खासगी नोकराला जी जबाबदारी आहे ती घरमालकाला नसावी, हे आम्हांला पटत नाही.

आमच्यावर आक्षेप येईल, की राज्याच्या सुरक्षिततेचे काय? भरपाईमुळे कोणालाही आत घेण्याची सक्ती होत नाही, हे त्याचे उत्तर. सार्वजनिक कामासाठी शेतकऱ्याची जमीन राज्य घेते आणि मोबदला देते. मोबदल्यामुळे जमीन घेण्याचा अधिकार संपला, असे कोणी म्हणत नाही. फक्त तो अधिकार फुकट वापरता येत नाही, म्हणून जरा विचार करून वापरला जातो. येथेही तसेच व्हावे. गुप्त ठेवण्याजोगे कारण असेल तर ते न्यायाधीशापुढे बंद पाकिटात ठेवावे. मागणी तीनच गोष्टींची आहे. नाव यादीत जाताच व्हिसाधारकाला कळवावे. तसे न कळवता दारातून परत पाठवल्यास प्रवासाचा खर्च भरून द्यावा. आणि लेखी कारण द्यावे, म्हणजे पुढच्या अर्जातल्या त्या रकान्यात लिहायला माणसापाशी काही असेल आणि ते खोटे असल्यास खोडूनही काढता येईल.

शेवटची गोष्ट आपल्याविषयी. मराठीच्या अभ्यासावर परदेशी अभ्यासकांचे ऋण किती आहे, हे आपण वर्गात रोज सांगतो. गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाचा आणि धनगरांचा, एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा, अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महानुभावांचा आणि नद्यांच्या दैवतांचा, इरिना ग्लुश्कोवा यांनी वारीचा अभ्यास केला तो या भूमीवर वारंवार येऊन, खेडोपाडी राहून. विमानतळावरच्या खिडकीत यांपैकी कोणी परत फिरवला गेला असता, तर आपल्या ग्रंथालयांतली कोणती फळी रिकामी राहिली असती, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आणि तरीही, पाहुणा परत गेल्यावर आपली विद्यापीठे काय करतात? ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे तीन शब्द फलकावर लावून सत्र पुढे चालू करतात. किशच्या यजमानांनी वकील उभे केले, हबीब यांच्या यजमानांनी स्वतःच्या नावाने दावा लावला. ज्याने आमंत्रण दिले त्याने पाहुण्याच्या अपमानाबद्दल दाद मागायची, हा आपल्याकडचाही जुना रिवाज आहे. परदेशी वक्त्याला निमंत्रणपत्र पाठवताना प्रत्येक विभागप्रमुखाने मनाशी एवढे ठरवावे, की पाहुणा दारातून परत गेला, तर कारण विचारणारे पहिले पत्र आपल्या सहीने जाईल. आम्ही आमच्यापुरते ते ठरवले आहे.